उंबरठ्याबाहेरचे मावळ

पावसाळ्यातील रविवारी मळवली स्थानकावर उतरणारी गर्दी पाहिली, म्हणजे निसर्गाची ओढ ओसरली आहे असे कोणालाही वाटणार नाही. मुंबई-पुण्याकडून आलेले तरुणांचे जथे भाजे, लोहगड, विसापूरची वाट धरतात. लोणावळ्याच्या रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागतात. परंतु त्याच रविवारी, त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या घरात दहा-अकरा वर्षांचा मुलगा खिडकीकडे पाठ करून मोबाइलवर खेळत बसलेला असतो. "जरा बाहेर जा, खेळून ये," असे आई दोनदा सांगते. "नको, कंटाळा येतो," असे उत्तर मिळते. तिसऱ्यांदा ती सांगत नाही. बाहेर निसरडे झालेले आहे, रस्त्यावर गाड्यांची वर्दळ आहे आणि मूल निदान डोळ्यांसमोर आहे, याचे तिलाही मनातून समाधानच असते.

ज्या भूमीने शिवकाळात काटक मावळे दिले, त्याच भूमीतील मुले आज घराबाहेर पडण्यास नाखूष असावीत, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. हा दोष केवळ मुलांचा मानून चालणार नाही. मुलांना घराबाहेर पडण्याचा कंटाळा का येतो, तो दूर कसा करता येईल आणि त्या कामी पालक, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा कोणता, हे शांतपणे पाहणे आवश्यक आहे.

कंटाळ्यामागील कारणे

मोबाइल संच आणि दूरचित्रवाणी ही कारणे सर्वांनाच दिसतात. परंतु पडदा काढून घेतला की मूल आपोआप झाडावर चढू लागेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. बाहेर काय करावयाचे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला अंगण हे रिकामे अंगणच वाटते. एक पिढी मागे सूरपारंब्या, विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या हे खेळ मोठी मुले लहानांना शिकवीत असत. आज कुटुंबे लहान झाली, मुले वेगवेगळ्या शाळांत विखुरली, उरलेला वेळ शिकवणीत जाऊ लागला, आणि शिकविणारी साखळीच तुटली.

आणखीही काही कारणे आहेत व ती सहसा लक्षात येत नाहीत. एखाद्या मुलाला लांबचे नीट दिसत नाही. चेंडू कोठून आला हे त्याला कळत नाही, इतर मुले हसतात आणि ते मूल मैदान टाळू लागते. एखाद्या मुलीला रक्तक्षयामुळे लवकर थकवा येतो. एखाद्याला दम्याचा त्रास असतो. एखाद्याची संघनिवडीत नेहमी सर्वांत शेवटी वर्णी लागते. अशा मुलांना 'आळशी' म्हणणे अन्यायाचे होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. मैदान टाळणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकांनी या पथकाच्या आवर्जून नजरेस आणून द्यावे. कित्येकदा साधा चष्मा हाच कंटाळ्यावरील उपाय असतो.

मुलींच्या बाबतीत तर 'नाखुषी' हा शब्दच जपून वापरला पाहिजे. धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, स्वयंपाकात हात लावणे यांतून त्यांना मोकळा वेळ मिळतो किती, हे आधी पाहिले पाहिजे.

मोकळ्या हवेचे मोल

मुलांनी बाहेर खेळावे हा वडीलधाऱ्यांचा जुना आग्रह. त्याला आता शास्त्रीय आधारही मिळाला आहे. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे घाम येईल असा मध्यम ते जोरकस व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. दोन ते चार वर्षांच्या बालकांनी दिवसात एका तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, असे तिने २०१९ मध्येच सांगितले होते.

डोळ्यांविषयीचे निष्कर्ष विशेष लक्षणीय आहेत. चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग करण्यात आला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ वर्गाबाहेर नेण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांनंतर नेहमीप्रमाणे शिकणाऱ्या मुलांपैकी ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष जडला होता, तर बाहेर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर घालवावेत अशी मोहीम हाती घेण्यात आली. तेथे वर्षानुवर्षे वाढत आलेले दृष्टिमांद्याचे प्रमाण त्यानंतर घटू लागले. ढगाळ दिवशीही अंगणातील उजेड वर्गातील उजेडाच्या कित्येक पट असतो. वाढत्या डोळ्यास या उजेडाची गरज असते, असे तज्ज्ञांचे मत आहे. याकरिता मैदानावर धावलेच पाहिजे असे नाही. झाडाखाली बसून गोष्ट ऐकली तरीही हा लाभ मिळतो. खेळाची नावड असलेल्या मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

भीती आणि ओळख

पालकांच्या भीतीचा प्रश्न टाळून या विषयाचा विचार करता येणार नाही. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. पुढील वर्षी १५ जून रोजी, तोही रविवारच होता, इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जीर्ण लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. अशा वार्ता कानी आल्यावर 'मूल घरात असलेलेच बरे' असे आईवडिलांना वाटले, तर त्यांना दोष कसा देणार?

परंतु घरात ठेवल्याने धोका टळत नाही, तो पुढे ढकलला जातो. आज ज्याला ओढ्याजवळ फिरकू दिले नाही, ते मूल सोळा-सतराव्या वर्षी मित्रांसमवेत धबधब्यावर जाणारच. त्या वेळी त्याच्याजवळ उत्साह असेल, पाण्याची ओळख मात्र नसेल. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात कोसळलेल्या सरीने ओढा काही क्षणांत फुगतो. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहून येणे आणि प्रवाहाचा आवाज बदलणे या त्याच्या खुणा होत. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. या गोष्टी भात खाचरांतून वाढलेल्या मावळातील शेतकऱ्यास सांगाव्या लागत नाहीत. त्या त्याने बालपणी वडिलांच्या मागून चालताना पाहिलेल्या असतात. फलकावरील सूचना आवश्यकच आहे. परंतु ती वाचून मागे फिरण्याचे शहाणपण लहानपणी, थोड्या पाण्याजवळ, मोठ्यांचा हात धरूनच येते.

याचा अर्थ मुलांना मोकाट सोडावे असा नाही. आषाढ-श्रावणात धबधबा, धरणाची भिंत व दरीचा कडा यांपासून मुलांना दूरच ठेवावे. विजा कडाडत असताना उघड्या माळावर अथवा एकट्या झाडाखाली थांबू देऊ नये. गडावर व लेण्यांत आग्या मोहोळाखाली धूर, दगडफेक वा आरडाओरडा होऊ देऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची ओळख चित्रांवरून करून द्यावी. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, आवळून बांधणे अथवा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता, रुग्णास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, प्रतिसर्पविष मिळू शकेल अशा रुग्णालयात तात्काळ न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठी उपयोगी पडते. ही माहिती मुलांना भेडसावण्यासाठी सांगावयाची नसून त्यांना जाणते करण्यासाठी सांगावयाची आहे.

पहिले पाऊल लहान असावे

नाखूष मुलाला एकदम लोहगड चढावयास लावणे, हा त्याला गडाचा कायमचा तिटकारा आणण्याचा खात्रीचा मार्ग होय. प्रारंभ घराजवळून आणि थोडक्यात करावा. रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटे, तीही घरातील मोठ्या माणसाच्या सोबतीने, एवढे पुरे. मोठ्यांनी या वेळी आपला मोबाइल संच घरी ठेवावा. वडील अंगणातील खाटेवर पडद्यात डोके घालून बसले असतील, तर मुलाला केलेल्या उपदेशास अर्थ उरत नाही.

मुलाला 'बाहेर जा' असे म्हणण्यापेक्षा बाहेरचे काही काम सोपवावे. परसातील एखाद्या रोपाला पाणी घालणे, शेळीला पाला आणणे, शेतावर न्याहारी पोहोचविण्यास आजोबांबरोबर जाणे, ही कामे लहान असली तरी त्यांत मान असतो. आपल्यावाचून अडते हे कळले की मुलाचे पाऊल आपोआप उंबरठ्याबाहेर पडते. मात्र हे काम शिक्षा म्हणून देऊ नये. 'अभ्यास केला नाहीस, आता मैदानात फेऱ्या मार' असे सांगणारे आपण मैदान आणि शिक्षा यांची गाठ बांधून देतो, हे ध्यानात असावे.

एक मित्र दहा उपदेशांचे काम करतो. शेजारच्या दोन-तीन मुलांना एकत्र आणल्यास खेळ त्यांचा त्यांना सुचतो. मोठ्यांनी मग थोडे दूर सरावे. चिखलाने कपडे मळतील, गुडघा खरचटेल. तेवढी सूट दिलीच पाहिजे. पावसाची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. इरले आणि घोंगडी पांघरून ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या भातलावणी होत आली, तेथे पाऊस हे घरी बसण्याचे कारण होऊ नये. घट्ट बसणारे पादत्राण आणि परत आल्यावर कोरडे कपडे एवढी तयारी पुरेशी असते.

काही मुले पुस्तकात रमणारी असतात. त्यांच्या हातचे पुस्तक काढून न घेता, पुस्तकातूनच त्यांना बाहेर न्यावे. तळेगाव दाभाडे येथे वास्तव्य केलेले दुर्गप्रेमी साहित्यिक गो. नी. दांडेकर यांनी 'माचीवरला बुधा' ही कादंबरी राजमाचीच्या परिसरावर आणि 'पवनाकाठचा धोंडी' ही पवन मावळावर लिहिली. त्यांतील उतारे वाचून दाखविल्यावर ती माची आणि तो काठ प्रत्यक्ष पाहण्याची उत्सुकता वाचनप्रिय मुलाच्या मनात जागी होते.

बारा महिन्यांची पाटी

मुलाला बाहेर काय दाखवावे, हा प्रश्न निदान मावळात पडू नये. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत प्रत्येक महिना नवा धडा घेऊन येतो. मे अखेर ते जूनच्या पूर्वार्धात, पाऊस सुरू होण्याच्या बेतात, राजमाचीच्या रानात काजव्यांनी झाडेच्या झाडे लुकलुकू लागतात. ते पाहण्यासाठी गर्दीत जाण्याची गरज नसते. गावाकडेच्या राईत, विजेरी विझवून, आवाज न करता दहा मिनिटे उभे राहिले तरी कित्येकदा हा सोहळा दिसतो. आषाढात चिखलणी आणि भातलावणी असते. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून निघालेले इंद्रायणी हे भाताचे वाण १९८७ साली प्रसारित झाले आणि ते आज घरोघरी शिजते. ज्या नदीचे नाव ताटातील भाताला मिळाले, ती नदी लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावते, हे मुलाने पाहावे.

श्रावणात शीळकरी कस्तूर पक्ष्याची लांबलचक शीळ ओढ्याकाठी ऐकू येते. एखादा मुलगा हुबेहूब शीळ घालीत आहे असाच भास होतो. भाद्रपद-आश्विनात सोनकीने माळ पिवळे होतात. काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलणारी कारवी बहरली, तर त्या वर्षीच्या मुलांचे भाग्यच. कार्तिकात भात कापणी, माघ-फाल्गुनात पळस, पांगारा व काटेसावर, आणि वैशाखात करवंदे व जांभळे! करवंदाच्या जाळीत हात घालताना काटा कसा चुकवावा, हे ज्ञान कोणत्याही पडद्यावर मिळत नाही.

हिवाळा हा गडांचा आणि लेण्यांचा काळ. अनेक पिढ्यांनी चौथीच्या वर्गात शिवचरित्र वाचले. परंतु मावळातील किती मुलांनी लोहगडाचा दरवाजा पाहिला, याचा प्रत्येक शाळेने शोध घ्यावा. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये मोगलांकडून परत जिंकलेला हा किल्ला २०२५ साली, मराठा लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या १२ किल्ल्यांच्या समूहात, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडताना शत्रूची वाट कशी अडविली जात असे, हे मुलाला शब्दाविना उमगते. कार्ल्याच्या चैत्यगृहात ३७ खांब मोजण्याचे आणि छताला दोन हजार वर्षे टिकून राहिलेल्या लाकडी कमानी शोधण्याचे काम दिले, तर चालण्याचा कंटाळा करणारे मूलही पायऱ्या मोजत वर येते.

शाळेचा वाटा

मुलांच्या मागे शाळेने रानात जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाड येथे काम करताना, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून, त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ही 'कुरणशाळा' होय. गवत, खडे, पाने आणि बिया हेच तिचे शैक्षणिक साहित्य होते. त्या काळी मुले रानात होती आणि शाळा चार भिंतींत होती. आज मुलेही चार भिंतींत आली आहेत. म्हणून त्या प्रयोगाचे स्मरण आज अधिकच महत्त्वाचे ठरते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची शिफारस केली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये प्राथमिक शाळांसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम जाहीर केला. या तरतुदींचा उपयोग सभागृहातील कार्यक्रमांपुरताच न करता परिसरात पाऊल टाकण्यासाठी करता येईल.

खर्चाविना करता येण्यासारखा एक उपक्रम येथे नमूद करण्यासारखा आहे. सरळ बाजूंची एक बाटली घेऊन तिचा वरचा भाग कापावा व तो नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळाशी खडे टाकून, सपाट पातळी येईपर्यंत पाणी ओतावे व तेथे शून्याची खूण करावी. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटविली की पर्जन्यमापक तयार होतो. तो झाडापासून व छपरापासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्या नोंदीच्याच वेळी, दोन मुलांनी पाऊस मोजून वहीत लिहावा. पाळी आलेले मूल पावसातही आनंदाने बाहेर पडते. लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगावपर्यंत येईतो तो निम्म्याहूनही कमी होतो. तालुक्याच्या दोन टोकांच्या शाळांनी महिनाअखेर आपापल्या वह्या ताडून पाहिल्या, तर सह्याद्री पाऊस कसा अडवितो, हा भूगोलाचा धडा मुलांच्या हाती आपसूक येईल.

सहलीच्या वेळी मात्र शिक्षकांनी आधी स्वतः वाट पाहून यावे, पालकांची लेखी संमती घ्यावी, पुरेशी मोठी माणसे सोबत ठेवावीत आणि हवामानाचा इशारा असल्यास बेत विनासंकोच पुढे ढकलावा. बेत रद्द करताना त्याचे कारण मुलांना समजावून सांगणे, हेही शिक्षणच होय.

ग्रामपंचायतीस काय करता येईल?

मुलांना बाहेर जाण्यास सांगावयाचे, तर बाहेर जागा हवी. मावळातील डोंगरउतार आणि जलाशयांचे काठ यांवर घरबांधणीची कुंपणे वाढत आहेत. जेथे मुले काल खेळत होती, तेथे आज फाटक दिसते. अशा वेळी गावचे मैदान, देवळापुढील पटांगण, जुना वड आणि शाळेकडे जाणारी पायवाट यांचे मोल वाढते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक मानले आहे. शाळा सुटल्यानंतर आणि सुटीच्या दिवशी ते कुलूपबंद राहू नये, अशी व्यवस्था पंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी मिळून करावी.

ग्रामपंचायत विकास आराखड्यात 'बालस्नेही गाव' हा एक विषय आहे. त्याखाली खेळासाठी जागा राखणे, सावलीची झाडे लावणे, मुलींना सुरक्षित वाटेल असा उजेड संध्याकाळी मैदानावर करणे, नदीचे उतार व विहिरी यांना कठडे घालणे, ही कामे सुचविता येतील. बालसभेत मुलांना एक साधा प्रश्न विचारावा : "गावात तुम्हांला कोठे खेळावेसे वाटते आणि तेथे जाण्याची भीती का वाटते?" उत्तरांतून पुढील वर्षाच्या कामांची यादीच मिळेल. गावात पोहणे जाणणारी, सापांची माहिती असलेली, गडवाटा ठाऊक असलेली माणसे असतात. आपत्तीच्या वेळी लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते धावून जातात. अशा जाणत्यांचे बोल मुलांच्या कानी पडावेत, असा प्रसंग वर्षातून एकदा तरी घडवून आणणे कठीण नाही.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठी योजना वा मोठा निधी लागत नाही. लागते ती नेमाने दिलेली पंधरा मिनिटे, एक उघडे मैदान आणि सोबतीला येणारे एक मोठे माणूस. मुले चालू लागली की मावळातील डोंगर, ओढे आणि खाचरे पुढचे शिक्षण आपणहून देतील. मळवलीस उतरणाऱ्या रविवारच्या पाहुण्यांना "पुढे पाणी वाढले आहे, आज या वाटेने जाऊ नका," असे तेथल्याच एखाद्या शाळकरी मुलाने आत्मविश्वासाने सांगावे, असा दिवस त्यातूनच उगवेल.